आतड्याचा जुनाट आजार : दवाखान्याचं बिल आणि देखभालीचा हिशोब

पोटाची तक्रार ही आपल्याकडे चारचौघांत बोलायची गोष्ट समजली जात नाही. बीपी वाढला, शुगर निघाली, तर माणूस शेजाऱ्याला सांगतो. पण दिवसातून दहा वेळा शौचाला जावं लागतं, त्यात रक्त पडतं, रात्री झोपेतून उठावं लागतं, हे कुणी सांगत नाही. घरातल्या स्त्रिया तर अजिबातच नाही. मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल, मसालेदार खाण्यानं झालं असेल, असं म्हणत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. मग एक दिवस अशक्तपणानं चक्कर येते, दवाखान्यात भरती करावं लागतं, आणि बिल पाहून घरच्यांचे डोळे पांढरे होतात.

आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्याला डॉक्टर थोडक्यात आयबीडी म्हणतात. म्हणजे आतड्याला सतत किंवा वारंवार सूज येण्याचा जुनाट आजार. पण या लेखाचा मुख्य विषय औषधं नाहीत, पैसा आहे. अशा रुग्णाची चांगली देखभाल केली तर खर्च वाढतो की कमी होतो? कमी होत असेल तर सगळे दवाखाने तशी देखभाल का करत नाहीत? आणि वाचलेला पैसा नेमका कुणाच्या खिशात जातो? हे प्रश्न मधुमेह, दमा, किडनी अशा प्रत्येक लांबलेल्या आजाराला लागू पडतात. म्हणून ज्यांच्या घरात आयबीडीचा रुग्ण नाही त्यांनीही हे समजून घेतलेलं बरं.

आधी आजार समजून घेऊ

आयबीडीमध्ये मुख्यतः दोन आजार येतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि शौचातून रक्त व आव पडते. दुसरा क्रोन्स. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त दिसतो. यात आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी सुजते, त्यामुळे कालांतराने आतडं अरुंद होतं किंवा त्याला भोक पडतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव.

नावातल्या साम्यामुळे अनेक जण आयबीडी आणि आयबीएस यात गल्लत करतात. आयबीएसमध्ये पोट बिघडतं, दुखतं, पण आतड्याला सूज किंवा जखम नसते. आयबीडीमध्ये असते. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एकच शौचालय वापरल्यानं तो पसरत नाही. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यावरच हल्ला करते, असं याचं स्वरूप आहे. बहुतेकांना तो तरुणपणी होतो, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्नाच्या वयात. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, पण तो शांत ठेवता येतो. काही महिने किंवा वर्षं शांततेत जातात, मग पुन्हा भडका उडतो. सगळा खेळ हा शांत काळ लांबवण्याचा आहे.

हा आजार फक्त गोऱ्या लोकांचा, श्रीमंत देशांचा, असं पूर्वी मानलं जायचं. ते आता खरं राहिलेलं नाही. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार भारतात १९९० मध्ये असे सुमारे १ लाख ३० हजार रुग्ण होते, ते २०१९ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार झाले. पंजाबमध्ये लोकवस्तीत जाऊन केलेली एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दर १ लाख लोकांमागे ४४ जणांना नुसता अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. हे प्रमाण देशभर धरलं तर रुग्णांचा आकडा अभ्यासातल्या अंदाजापेक्षाही मोठा निघतो.

पैसा कुठे जातो?

या आजाराचा खर्च तीन वाटांनी होतो. एक, भरती आणि ऑपरेशन. दोन, औषधं आणि तपासण्या. तीन, जो कुठल्याच बिलात दिसत नाही तो खर्च, म्हणजे बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, गावाहून शहरात येण्याचं भाडं, सुटलेली नोकरी, बुडालेली शाळा.

पहिल्या दोन वाटांचं प्रमाण काळाबरोबर बदललं आहे. पूर्वी सगळ्यात मोठा खर्च भरती आणि ऑपरेशनचा असायचा. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. ही बायोलॉजिक औषधं प्रभावी आहेत, पण महाग आहेत. नेदरलँड्समधील एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्रोन्सच्या रुग्णांवरील एकूण वैद्यकीय खर्चापैकी ६४ टक्के खर्च या एकाच प्रकारच्या औषधांवर होत असल्याचं दिसलं. भरतीवर १९ टक्के आणि ऑपरेशनवर १ टक्क्याहूनही कमी. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये औषधांचा हा वाटा ३१ टक्के होता.

म्हणजे चांगले उपचार नेहमी स्वस्तच पडतात असं सरसकट म्हणता येत नाही. भरतीचा खर्च वाचतो पण औषधाचा वाढतो. म्हणून प्रश्न नुसता खर्च कमी करण्याचा नाही. जो पैसा जातोय त्याच्या बदल्यात रुग्णाला काय मिळतंय, हे पाहायला हवं.

याच्या उलट उदाहरण स्टिरॉइडचं. प्रेडनिसोलोनची गोळी अगदी स्वस्त. दोन-चार दिवसांत आराम पडतो, रुग्ण खूश, घरचे खूश. मग पुढच्या वेळी तोच जुना कागद दाखवून मेडिकलवरून गोळ्या आणल्या जातात. पण स्टिरॉइड हे भडका विझवण्याचं औषध आहे, महिनोन्‌महिने घेण्याचं नाही. त्यानं हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, मोतीबिंदू होतो, मुलांची वाढ खुंटते. आज दहा-वीस रुपये वाचले आणि पाच वर्षांनी हाडांच्या, डोळ्यांच्या, मधुमेहाच्या डॉक्टरकडे खेटे सुरू झाले, तर त्याला स्वस्त उपचार कसं म्हणायचं?

चांगली देखभाल म्हणजे नेमकं काय?

चांगली देखभाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसी खोली आणि मोठं मशीन येतं. आयबीडीच्या बाबतीत ती बरीच साधी गोष्ट आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणं. वजन दर वेळी मोजणं आणि औषधाचा डोस वजनाप्रमाणे आहे का ते पाहणं. स्टिरॉइड किती दिवस चाललंय यावर लक्ष ठेवणं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी टीबीची तपासणी आणि लसीकरण करणं. मोठ्या आतड्याचा आजार ८ वर्षांचा झाला की कर्करोगाची सुरुवात वेळीच पकडण्यासाठी ठरावीक काळानं कोलोनोस्कोपी करणं. आणि ठरलेल्या तारखेला रुग्ण आला नाही तर त्याला फोन करणं.

एवढ्यानं फरक पडतो का? अमेरिकेत २००७ साली मुलांच्या आयबीडीवर काम करणारी काही केंद्रं एकत्र आली आणि ‘इम्प्रूव्ह केअर नाऊ’ नावाचं जाळं उभं राहिलं. व्हरमाँटचे डॉ. रिचर्ड कोलेटी हे त्यामागचे एक प्रमुख. त्यांनी नवं औषध आणलं नाही. प्रत्येक मुलाची माहिती एकाच पद्धतीनं नोंदवायची, भेटीच्या आधीच त्याचा कागद पाहून काय राहिलंय ते ठरवायचं, आणि सगळ्या केंद्रांनी आपापले निकाल एकमेकांसमोर ठेवायचे, एवढंच केलं. जे केंद्र पुढे असेल त्याच्याकडून बाकीच्यांनी शिकायचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार क्रोन्सची मुलं भेटीच्या वेळी आजार शांत असलेल्या अवस्थेत असण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते ६१ वरून ७२ टक्क्यांवर गेलं.

शिक्षक म्हणून मला हे आकडे वेगळे वाचता येतात. आजार शांत असलेलं मूल म्हणजे वर्गात बसलेलं मूल. आजार भडकलेलं मूल हजेरीपटावर लाल खूण असते. ते वर्गात आलं तरी त्याचं अर्धं लक्ष सुटी कधी होते आणि शौचालयाला कुलूप तर नाही ना, याकडे असतं.

मग सगळीकडे असं का होत नाही?

आता मुद्द्यावर येऊ. समजा, सरकारनं उद्या असा नियम केला की शाळेला अनुदान नापास मुलांच्या संख्येवर मिळेल. जितकी मुलं नापास, जितक्या फेरपरीक्षा, तितका पैसा. मुलं पहिल्याच फटक्यात पास झाली तर अनुदान कमी. शिक्षक प्रामाणिक असले तरी अशी शाळा किती दिवस चालेल? मुलांना पास करायला जादा तास घेणाऱ्या शिक्षकाचा पगार कुठून निघेल?

जगातल्या बऱ्याच दवाखान्यांचं उत्पन्न जवळजवळ असंच ठरतं. प्रत्येक कामामागे पैसे. भरती झाली, पैसे. कोलोनोस्कोपी झाली, पैसे. ऑपरेशन झालं, जास्त पैसे. पण नर्सनं दर महिन्याला फोन करून ‘तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत का’ असं विचारलं, तर त्याचं बिल कुणाला लावायचं? नर्सचा पगार दवाखान्यानं द्यायचा. तिच्या फोनमुळे रुग्ण भरती होण्यापासून वाचला, तर भरतीचं उत्पन्नही दवाखान्याचंच बुडायचं. फायदा झाला विमा कंपनीचा आणि रुग्णाचा. ज्यानं खर्च केला त्याच्या हाती काहीच नाही.

डॉक्टर वाईट असतात म्हणून हे घडतं असं नाही. पैशाची वाट चुकीच्या दिशेनं वळवलेली आहे, आणि चांगला डॉक्टरही त्या वाटेवर एकटा पडतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डॉ. लॉरेन्स कोसिन्स्की यांनी विमा कंपनीकडच्या क्रोन्स रुग्णांच्या नोंदी तपासल्या. भरती झालेल्या रुग्णांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांनी भरतीच्या आधीच्या ३० दिवसांत डॉक्टरांशी कसलाच संपर्क केलेला नव्हता. दुखत होतं, पण होईल बरं म्हणून ते गप्प बसले होते. पाणबुडीसारखे खोल पाण्यात गेलेले रुग्ण. पाणबुडी शोधायला जहाजावरून सोनार यंत्राचा आवाज सोडतात, तसा त्यांनी दर महिन्याला रुग्णांच्या मोबाईलवर चार-पाच प्रश्नांचा संदेश पाठवायला सुरुवात केली. उत्तर बिघाडाचं आलं की नर्स फोन करायची. म्हणून नावच ‘प्रोजेक्ट सोनार’. महत्त्वाची गोष्ट म्हणजे यासाठी तिथल्या ब्लू क्रॉस ब्लू शील्ड विमा कंपनीनं वेगळे पैसे दिले. अमेरिकी सरकारच्या सल्लागार समितीनं २०१७ मध्ये हा नमुना मर्यादित प्रमाणात वापरून पाहण्याची शिफारस केली.

दुसरं उदाहरण पिट्सबर्गचं. तिथली यूपीएमसी ही संस्था दवाखानेही चालवते आणि विमा कंपनीही. म्हणजे एका खिशातून गेलेला पैसा दुसऱ्या खिशात वाचतो. २०१५ साली डॉ. मिगेल रेगेइरो आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. इव्हा झिगेथी यांनी तिथे आयबीडी रुग्णांसाठी एक केंद्र सुरू केलं. एकाच छताखाली पोटाचे डॉक्टर, मानसोपचार, आहारतज्ज्ञ, समाजसेविका आणि समन्वय करणाऱ्या नर्स. पहिल्या वर्षातल्या ३२२ रुग्णांच्या अभ्यासात तातडीच्या विभागातल्या फेऱ्या ४७.३ टक्क्यांनी आणि भरती ३५.९ टक्क्यांनी कमी झाली.

साध्या भाषेत, जिथे आधी १०० वेळा भरती व्हायची तिथे साधारण ६४ वेळा झाली. उरलेल्या ३६ भरत्यांचा पैसा वाचला. नुसता दवाखाना असता तर हे ३६ रिकामे पलंग म्हणजे तोटा ठरला असता. दवाखाना आणि विमा एकाच मालकाचे असल्यामुळे तो नफा ठरला. तेच डॉक्टर, तेच रुग्ण, तीच औषधं. फरक पैशाच्या वाटेत होता.

आकडे वाचताना एक सावधानता

अशा आकड्यांवर लगेच टाळ्या वाजवू नयेत. पिट्सबर्गच्या अभ्यासात त्याच रुग्णांची आधीची आणि नंतरची स्थिती पाहिली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. आता बघा, पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडली आणि दुसरी चाचणी घेतली, तर त्यातली काही जण कोणताही जादा तास न घेताही थोडी वर येतात. कारण पहिल्या दिवशी कुणाला ताप होता, कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तसंच आजार शिगेला असताना केंद्रात आलेला रुग्ण पुढच्या वर्षी काही अंशी आपोआपच बरा दिसू शकतो.

ही शंका दूर करायची तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात. नेदरलँड्समध्ये ते झालं. चार रुग्णालयांतील ९०९ आयबीडी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची देखभाल, दुसऱ्याला मोबाईल-कॉम्प्युटरवरून तब्येत कळवण्याची सोय आणि गरज पडली तरच भेट. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरात ओपीडीच्या भेटी दर रुग्णामागे २.३४ वरून १.५५ वर आल्या आणि भरतीचं प्रमाण ०.१० ऐवजी ०.०५, म्हणजे निम्मं राहिलं. देखभालीचा दर्जा मात्र घसरला नाही. त्यामुळे नियमित विचारपूस करण्यात तथ्य आहे, हे आता जास्त खात्रीनं म्हणता येतं.

गोळ्या वेळेवर घेणं हाही देखभालीचाच भाग. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांनी मेसालामीनच्या गोळ्या नीट घेतल्या नाहीत त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका पाच पटींहून जास्त निघाला. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं हा या आजारातला सर्वांत महाग निर्णय असतो.

औषधाची किंमत कमी कशी होते?

नर्सनं कितीही फोन केले तरी इंजेक्शन परवडत नसेल तर उपयोग काय? इथे नॉर्वेचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. इन्फ्लिक्सिमॅबचं पेटंट संपल्यावर कोरियात तयार झालेलं तशाच गुणाचं औषध आलं. अशा औषधांना बायोसिमिलर म्हणतात. नॉर्वेचं सरकार देशाची गरज एकत्र करून निविदा काढतं. २०१५ च्या निविदेत हे औषध मूळ किमतीपेक्षा ६९ टक्के कमी दरात मिळालं. पण लोकांच्या मनात शंका होती, स्वस्त म्हणजे हलकं तर नाही ना? म्हणून सरकारनंच पैसे देऊन ४८२ रुग्णांवर चाचणी घेतली. २०१७ मध्ये निकाल आला. मूळ औषध चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात वाढला, बदललेल्यांपैकी ३० टक्क्यांचा. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता.

भारत या बाबतीत मागे नाही. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीनं बाजारात आणलं, तेही अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. इन्फ्लिक्सिमॅबची आणि टोफॅसिटिनिब गोळ्यांची भारतीय रूपंही आज मिळतात. तरीही महिन्याला १५-२० हजार कमावणाऱ्या घराला बायोलॉजिकचा खर्च झेपत नाही. एकटा रुग्ण मेडिकलवर भाव करू शकत नाही. सरकारनं किंवा अनेक रुग्णालयांनी मिळून खरेदी केली तरच भाव उतरतो.

आपल्या महाराष्ट्रात काय?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि गरजूंनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण या योजनांचा गाभा भरती आणि ठरलेल्या प्रक्रिया हाच आहे. आतडं फुटलं, अडकलं, ऑपरेशन लागलं, तर योजना उभी राहते. ते फुटू नये म्हणून रोज लागणाऱ्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, ओपीडीतली भेट, यांचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. खासगी विम्यातही बहुतेक पॉलिसींना २४ तास भरतीची अट असते.

म्हणजे अमेरिकेत डॉक्टरांसमोर जी अडचण आहे तीच इथे रुग्णासमोर आहे. आजार बिघडला तर पैसे मिळतात, सांभाळला तर मिळत नाहीत. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून देतात. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं. सुधारणा झाली आहे, पण ओपीडी आणि औषधांचा खर्च हा त्यातला दुखरा भाग राहिला आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो टीबीचा. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही सारखेच दिसू शकतात. त्यामुळे अनेकदा आधी टीबीची औषधं सुरू करतात. ते चूक नाही, कारण क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं आणि आजार टीबीचा निघाला तर जीवावर बेतू शकतं. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून फरक पडला का ते पाहायला हवं. रुग्ण फेरतपासणीला आलाच नाही, किंवा एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला, तर चुकीच्या औषधावर काळ जातो आणि तोवर आतडं अरुंद होतं. एका फोनची आणि एका फेरतपासणीची किंमत इथे एका ऑपरेशनएवढी होते.

पाठपुरावा आपल्याला जमत नाही असंही नाही. टीबीच्याच सरकारी कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाची ‘निक्षय’ पोर्टलवर नोंद होते, औषध मोफत मिळतं, पोषणासाठी महिन्याला आधी ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये खात्यात जमा होतात. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रावर मिळतात. हीच घडी इतर जुनाट आजारांसाठी का बसू नये? जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस आतड्याच्या आजाराची ओपीडी, एक प्रशिक्षित नर्स आणि एक नोंदवही किंवा मोबाईल, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते. ब्रिटनमध्ये अशा खास आयबीडी नर्सचं प्रमाणच ठरवून दिलेलं आहे, अडीच लाख लोकसंख्येमागे अडीच पदं.

आपल्या मदतीची वाटही तपासू

मशिदीत, मोहल्ल्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचं आवाहन येतं ते बहुधा असं असतं, ‘अमुक दवाखान्यात भरती, ऑपरेशन आहे, इतके रुपये कमी पडतायत.’ लोक मन मोठं करून देतात. बैतुलमाल देतो, जकात दिली जाते. ‘या तरुणाला वर्षभराच्या गोळ्या आणि तपासण्या हव्यात’ असं आवाहन मात्र क्वचितच येतं, आणि आलं तरी त्याला तसा प्रतिसाद मिळत नाही. आपलीही मदत भरतीलाच पैसे देते, देखभालीला नाही. विमा कंपनीवर टीका करताना हे लक्षात ठेवलं पाहिजे.

ज्या बैतुलमालांकडे थोडीफार शिल्लक राहते त्यांनी वस्तीतल्या जुनाट रुग्णांची यादी करून, जकातीस पात्र कोण हे आलिमांना विचारून, काही जणांच्या औषधांचा महिन्याचा खर्च थेट मेडिकलला भरावा. पैशाबरोबर दर महिन्याला एक फोनही करावा. मोहल्ल्यातली शिकलेली एखादी मुलगी हे काम सहज करू शकते.

रमजानचाही मुद्दा यात येतो. अनेक रुग्ण रोजे सुरू होताच दुपारची गोळी सोडतात, कुणाला विचारत नाहीत, आणि ईदच्या आसपास आजार भडकतो. मेसालामीनसारखं औषध बऱ्याच रुग्णांना दिवसातून एकदाच घेतलं तरी चालतं. महिनाभर आधी डॉक्टरांना भेटलं तर वेळ बदलून मिळू शकते. आजार भडकलेला असताना, जुलाबात पाणी जात असताना रोजा ठेवावा का, याचं उत्तर डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारूनच ठरवावं. आजारी माणसाला दीननं सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी काय करावं?

तीन-चार आठवड्यांहून जास्त जुलाब, शौचात रक्त, वजन घटणं, रात्री शौचासाठी उठावं लागणं, यातलं काही असेल तर मूळव्याधीच्या मलमावर वेळ घालवू नये. शौचाची ‘फीकल कॅलप्रोटेक्टिन’ नावाची तपासणी असते. आतड्यात सूज आहे की नाही याचा अंदाज तिच्यातून येतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१३ मध्ये आयबीएस आणि आयबीडी वेगळे ओळखण्यासाठी तिची शिफारस केली. ती करावी का, हे डॉक्टरांना विचारावं.

निदान झालं असेल तर सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावावेत. स्टिरॉइड कधी सुरू झालं, कधी थांबलं, हे वहीत लिहावं. डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. हे औषध किती दिवस? यात स्टिरॉइड आहे का? याचं जेनेरिक किंवा बायोसिमिलर मिळेल का? पुढची तपासणी कधी? विमा घेताना आजार लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने केलेला आहे. शिरेतून दिली जाणारी बायोलॉजिक इंजेक्शनं पॉलिसीत बसतात का, किती मर्यादेपर्यंत, हे भरतीआधी लेखी विचारून घ्यावं. खासगी दवाखाना झेपत नसेल तर मुंबईत केईएमसारख्या मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत पोटाच्या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे रांग लांब असते, पण तज्ज्ञ भेटतात.

शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. एखादं मूल वारंवार बाहेर जायची परवानगी मागत असेल, वजनानं खंगत असेल, तर ते चुकारपणा करतंय असं धरून चालू नये. पालकांना शांतपणे विचारावं. निदान झालेल्या मुलाला न विचारता बाहेर जाण्याची मुभा द्यावी आणि शौचालय उघडं व स्वच्छ ठेवावं. यासाठी सरकारी आदेशाची किंवा निधीची वाट बघायची गरज नाही.

बाकीच्या गोष्टींसाठी मात्र मागणी करावी लागेल. आमदार-खासदार जेव्हा आरोग्य योजनेची कार्डं वाटायला मोहल्ल्यात येतात, तेव्हा त्यांना एवढंच विचारा, ‘साहेब, भरती झाल्यावर ५ लाख मिळतात हे चांगलंच आहे. पण भरती होऊ नये म्हणून महिन्याच्या गोळ्या या कार्डावर कधी मिळणार?’